ठासणीच्या बंदुकीची गोळी: आकार, वजन आणि मार यांचा हिशेब कसा लावायचा

कापूस बोंडावर आला, तूर कमरेला लागली, हरभरा घाट्यांवर आला की गावोगाव एकच प्रश्न निघतो. "भाऊ, आपल्या भरमारीत किती नंबरची गोळी चालते? मोठी टाकली तर डुक्कर जागीच पडते म्हणतात." विचारणाऱ्याने आपल्या नळीचे माप कधी घेतलेले नसते, गोळीचे वजन केलेले नसते, आणि मोबाइलवर पाहिलेला तक्ता अमेरिकेतल्या रायफलीचा असतो. आपल्याकडची भरमार म्हणजे ठासणीची बंदूक, नळीच्या तोंडातून काळी दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची. ती रायफल, म्हणजे आतून पीळदार खाचा पाडलेल्या नळीची बंदूक, नसतेच, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

हा लेख पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे. दारू किती टाकायची हे यात सापडणार नाही. ते माप त्या-त्या नळीच्या कारखान्याने किंवा बंदूक तपासणाऱ्या परवानाधारक कारागिराने सांगायचे असते. दोन गोळ्यांची तुलना कोणत्या क्रमाने करायची आणि लोक नेमके कुठे चुकतात, तेवढेच इथे पाहू.

## टप्पा १: आधी कागद

शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान झाले, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे झाली आहे. मुदत कधी संपते ते आजच पाहून ठेवा. संपलेल्या परवान्यावरची बंदूक ही बेकायदा बंदूकच असते.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२च्या कलम ९ प्रमाणे शिकारीवर बंदी आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली वेगळी लेखी परवानगी लागते. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी आपल्याकडे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज करायचा असतो. कोणते जनावर, कोणते गट नंबर, किती दिवस आणि आणखी काय अटी, हे त्या कागदावर लिहिलेले असते. कागद हातात नसेल तर बंदूक घरातच राहू द्या.

परवानगीने मारलेले जनावरही कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असते. "मटण वाटून घेऊ" हा विचार तिथेच सोडून द्या.

तपासा: परवान्यावरचा बंदुकीचा नंबर आणि नळीवर कोरलेला नंबर एकच आहे का? आजोबांच्या नावावरची बंदूक अजून नावावर करून घेतली नसेल तर आधी ते काम करा. गोळीचा हिशेब नंतर.

## टप्पा २: नळी रिकामी आहे याची खात्री

माप घ्यायला नळीच्या तोंडाशी हात न्यावा लागतो, म्हणून हा टप्पा आधी येतो. ठासणीच्या बंदुकीत मागून उघडून पाहायची सोय नसते. मागच्या हंगामात भरलेला बार, म्हणजे दारू आणि गोळी, तसाच राहिलेली बंदूक आढ्याला टांगलेली असू शकते, आणि घरातल्या कुणालाच ते आठवत नसते.

टोपी, म्हणजे घोडा आदळला की ठिणगी देणारी छोटी वाटी, काढा. घोडा खाली आहे ते बघा. नळीचे तोंड माणसांपासून, गोठ्यापासून, भिंतीपलीकडच्या घरापासून दूर धरा. आता गज हळूच आत सोडा. तो थांबला की नळीच्या तोंडाशी त्याच्यावर पेन्सिलने खूण करा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरा, खूण तोंडाशी जुळवा आणि दुसरे टोक कुठवर पोचते ते पाहा. टोपी जिथे बसते त्या जागेच्या जवळपास टोक आले तर नळी रिकामी आहे. दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे, आणि ते भरलेले आहे असेच समजायचे.

सावधान: आत बार आहे असे वाटले तर तार घालून उकरू नका. नळी तापवायची नाही आणि "फुंकून पाहू" म्हणत तोंड लावायचे नाही. पाणी ओतले म्हणजे दारू मेली, हेही धरून चालू नका. बंदूक परवानाधारक कारागिराकडे द्या.

रिकामी नळी सापडली की त्याच गजावर चाकूने बारीक, कायमची खाच करून ठेवा. ही झाली रिकाम्या नळीची खूण. पुढे ती फार कामाला येते.

## टप्पा ३: नळीचे माप, अंदाजाने नव्हे

"बारा बोअर असेल" म्हणून चालत नाही. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची जबड्यांची पट्टी, मिळतो, तो घ्या. त्याच्या आतल्या जबड्यांनी नळीच्या तोंडाचा व्यास दोन दिशांनी मोजा, एकदा आडवा आणि एकदा उभा. दोन आकड्यांत फरक आला तर तोंड झिजून लंबगोल झाले आहे. वर्षानुवर्षे गज एकाच बाजूला घासला गेला की असे होते. अशा नळीत कोणतीही गोळी नीट बसणार नाही, मग तिचे वजन कितीही असो.

बोअरचा नंबर जितका लहान, तितकी नळी मोठी असते. नळीच्या व्यासाच्या किती शिशाच्या गोळ्या मिळून एक पाउंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम होतात, तो आकडा म्हणजे बोअर. त्यामुळे १२ बोअरची नळी साधारण १८.५ मिलिमीटर, १६ बोअरची १६.८ आणि २० बोअरची १५.६ मिलिमीटर भरते. रायफलीचे माप मात्र इंचात सांगतात. तिथे ५० कॅलिबर म्हणजे अर्धा इंच, म्हणजेच १२.७ मिलिमीटर. एका पद्धतीत नंबर वाढला की नळी लहान होते आणि दुसऱ्या पद्धतीत मोठी होते. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचणारा हमखास गोंधळतो.

नळीचे माप म्हणजे गोळीचे माप नव्हे. गोळी नळीपेक्षा थोडी लहान हवी, कारण तिच्याभोवती कापडाची चकती येते. ५० कॅलिबरच्या रायफलीत सहसा ०.४९० इंची गोळी वापरतात, म्हणजे नळीपेक्षा सुमारे पाव मिलिमीटर कमी. आपल्या गुळगुळीत नळीत त्याहून थोडी जास्त मोकळीक ठेवतात. गोळी हातोडीने ठोकून बसवावी लागत असेल तर ती त्या नळीची नाही. बंदूक खाली झुकवल्यावर ती सुळ्ळकन घरंगळत बाहेर येत असेल तर तीही त्या नळीची नाही.

नळी आतून गुळगुळीत आहे की पीळ पाडलेली, हेही आत्ताच पाहून घ्या. तोंडातून तिरपा उजेड टाकला की पीळ दिसतो. आपल्याकडच्या पीकसंरक्षणाच्या बंदुका बहुतेक गुळगुळीत नळीच्याच आहेत.

## टप्पा ४: गोळीचे वजन

शिशाच्या गोल गोळीचे वजन काढायला काट्याचीही गरज नाही. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा आणि आलेल्या आकड्याला ०.००५९४ ने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये येते.

- १२ मिलिमीटर: १०.३ ग्रॅम
- १४ मिलिमीटर: १६.३ ग्रॅम
- १६ मिलिमीटर: २४.३ ग्रॅम
- १८ मिलिमीटर: ३४.६ ग्रॅम

१२ वरून १४ वर गेलो तर व्यास जेमतेम सहाव्या हिश्शाने वाढला, पण वजन दीडपटीच्या वर गेले. "दोनच मिलिमीटरचा तर फरक आहे" असे म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. वजन दीडपट झाले की नळीवरचा दाब बदलतो, खांद्याला बसणारा धक्का वाढतो आणि गोळी जिथे लागायची तिथून सरकते.

आता खरी गोळी सोनाराच्या काट्यावर ठेवा. सूत्राने आलेल्या वजनापेक्षा ती बरीच हलकी भरली तर दोनच शक्यता आहेत. एकतर आत हवेची पोकळी आहे, किंवा ती शुद्ध शिशाची नाही. पोकळी एका बाजूला असलेली गोळी हवेत डुलत जाते आणि कुठे लागेल याचा नेम राहत नाही. दहा गोळ्या तोला आणि ज्या वेगळ्या भरतील त्या बाजूला काढा.

बेअरिंगचे छर्रे, नटबोल्टचे तुकडे, खडे भरायची सवय अजून गेलेली नाही. पोलाद शिशापेक्षा पुष्कळ हलके असते. १२ मिलिमीटरचा पोलादी छर्रा भरतो फक्त ७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आकार तोच, वजन तीस टक्के कमी, वरून नळीला आतून चरे. मऊ शिसे आत गेल्यावर पसरते, पोलाद पसरत नाही. यात फायदा कुणाचाच नाही.

सावधान: विदेशी तक्त्यात गोळीचे आणि दारूचे माप 'ग्रेन'मध्ये असते. ग्रेन म्हणजे ग्रॅम नव्हे. १ ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन बसतात. १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमदेखील होत नाहीत. घाईत ग्रेनच्या जागी ग्रॅम वाचले तर माप पंधरापट होते, आणि त्यात नळीही राहत नाही, माणूसही राहत नाही. इंटरनेटवरचे दारूचे आकडे आपल्या जुन्या नळीला लावूच नका.

## टप्पा ५: जोर मोजायची दोन मापे

गोळीच्या माराचा एकच असा आकडा नसतो. दोन आकडे काढा आणि शेजारी लिहा.

पहिला आहे ऊर्जा. ग्रॅममधले वजन गुणिले वेग गुणिले वेग, भागिले २०००. वेग सेकंदाला किती मीटर असा घ्यायचा, उत्तर ज्यूलमध्ये येते. दुसरा आहे संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, भागिले १०००. ऊर्जेत वेग दोनदा येतो, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी तिथे भाव खाऊन जाते. संवेगात जड गोळीचे पारडे जड होते. जाड चामडी आणि हाड भेदून आत किती जाईल याचा अंदाज दुसऱ्या आकड्याने जास्त बरा येतो, असा माझा कल आहे.

उदाहरण रायफलीचे घेऊ, कारण वेगाचे आकडे तिथलेच मिळतात. ५० कॅलिबरची गोल गोळी ११.४५ ग्रॅमची असते, तिचा तोंडाशी वेग ५५० मीटर धरू. ५८ कॅलिबरची गोळी १८ ग्रॅमची, वेग ४५० धरू. पहिलीची ऊर्जा १,७३२ ज्यूल, दुसरीची १,८२२. म्हणजे जवळजवळ सारखीच. संवेग मात्र ६.३ आणि ८.१, म्हणजे दुसरीचा चांगलाच जास्त.

यातून "मोठी गोळी घ्या" एवढाच अर्थ काढू नका. दारू तितकीच ठेवून गोळी जड केली की वेग पडतो, त्यामुळे ऊर्जा फारशी वाढत नाही. मग लोक दारू वाढवतात. नळ्या फुटतात त्या इथे.

तक्ते वाचताना तीन रूपांतरे जवळ ठेवा. फुटातल्या वेगाला ०.३०५ ने गुणले की मीटर मिळतात. ग्रेनला १५.४३ ने भागले की ग्रॅम मिळतात. फूट-पाउंडाला १.३५६ ने गुणले की ज्यूल मिळतात.

आणि आपल्या गुळगुळीत नळीचा वेग या तक्त्यांत शोधू नका. मोजायचे यंत्र नसेल तर वेगाची जागा रिकामी सोडा आणि वजन, बसणे, नेम या तीन गोष्टींवर तुलना करा. खोट्या वेगावर काढलेला खरा दिसणारा आकडा जास्त घातक असतो.

## टप्पा ६: तुलना जनावराच्या अंतरावर करा

तोंडाशी काढलेला आकडा ऐकायला छान वाटतो, पण डुक्कर नळीच्या तोंडाशी उभे नसते. गोल गोळीला हवेचा अडथळा फार होतो. वरच्या उदाहरणातली ५० कॅलिबरची गोळी ५० मीटरवर जाईतो साधारण पाऊण वेगावर येते आणि १०० मीटरवर सुमारे ६० टक्क्यांवर. वेग ६० टक्के राहिला म्हणजे ऊर्जा ३६ टक्के उरली. १,७३२ ज्यूलचे झाले सव्वासहाशेच्या आसपास. मोठ्या व्यासाची गोल गोळी आपला वेग थोडा जास्त टिकवते, म्हणून अंतर वाढेल तसा तिचा फायदा वाढतो. २० मीटरवर मात्र तो जाणवतही नाही.

अमेरिकेत हरणासाठी १,००० फूट-पाउंड, म्हणजे १,३५६ ज्यूल हवेत असा एक आकडा फिरत असतो. ५० मीटरवर ही गोल गोळी त्याच्या खाली गेलेली असते, तरी तिकडे त्याच गोळीने हरणे मारली जातात. म्हणजे हा आकडा संकेत आहे, निसर्गाचा नियम नव्हे. तिथल्या कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या बंदुकीसाठी हरणाला किमान ४० कॅलिबर आणि एल्क या मोठ्या सांबरवर्गीय जनावराला किमान ५० कॅलिबर अशी अट आहे. तिथेही ज्यूल मोजत बसत नाहीत, नळीचे माप बघतात.

लांबट, टोकदार गोळीचे काय? ती जड असते आणि वेगही टिकवते. पण तिला पीळ लागतो. गोल गोळीसाठी ४८ ते ७२ इंचांत एक फेरा असा संथ पीळ चालतो, आणि आधुनिक लांबट गोळ्यांना २० ते २८ इंचांत एक फेरा लागतो. गुळगुळीत नळीतून लांबट गोळी सोडली तर ती हवेत कोलांट्या खाते. शिवाय जड असल्यामुळे दाब वाढतो. गोल गोळीसाठी बनलेल्या जुन्या नळीत लांबट गोळी भरायची नाही, कुणी फुकट दिली तरी.

## टप्पा ७: नेमाची चाचणी

सगळा हिशेब कागदावर जमला तरी गोळी कुठे लागते ते पाहिल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही. ही चाचणी वावरात, धुऱ्यावर बाटली ठेवून करू नका. परवाना पीकसंरक्षणाचा आहे, बार काढून पाहण्याचा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मान्यताप्राप्त शूटिंग रेंज असेल तर तिथे रीतसर विचारा, नाहीतर पोलीस ठाण्यात विचारून जागा ठरवा.

रेंजवर एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळी बदलायची असेल तर दारू, चकती, टोपी, अंतर सगळे तेच ठेवा. अंतर ३० मीटरपासून सुरू करा. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून एका मापाच्या पाच गोळ्या मारा आणि कागदावरची सगळ्यात दूरची दोन भोके मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. प्रत्येक बारानंतर नळी ओल्या फडक्याने पुसायची, कारण काळ्या दारूची काजळी साचली की पुढची गोळी घट्ट बसते आणि नेम सरकतो. पाचही गोळ्या १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात येत असतील तर ते अंतर तुमचे. ज्या अंतरावर वर्तुळ फुटते तिथे तुमची मर्यादा संपली. गुळगुळीत नळीत ती मर्यादा बहुधा ४० ते ५० मीटरच्या आतच येते.

पहिल्या गोळीकडे वेगळे लक्ष द्या. स्वच्छ, थंड नळीतून निघालेली पहिली गोळी बाकीच्या चारांपेक्षा थोडी वेगळीकडे लागते, आणि शेतात तुम्ही मारणार ती पहिलीच असते.

घुसण्याची तुलना करायची असेल तर रात्रभर भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा घट्ट बांधलेला गठ्ठा पुरतो. त्यातून जनावरात गोळी किती जाईल ते कळत नाही. दोन गोळ्यांपैकी कोणती जास्त खोल गेली आणि कोणती जास्त पसरली, एवढेच कळते, आणि तुलनेला तेवढे बस्स.

तपासा: लहान गोळी वर्तुळात येते आणि मोठी येत नाही, असे झाले तर लहान घ्या. यावर वाद नको. पोटात लागलेल्या ३५ ग्रॅमपेक्षा काळजात लागलेली १६ ग्रॅमची गोळी केव्हाही जास्त काम करते.

## टप्पा ८: जनावर पाहून निवड

मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर चामडीखाली चिवट, जाड थर असतो. हलकी गोळी त्यात अडकते, जनावर ओरडून पळते आणि दोन दिवसांनी नाल्यात मरते. डुकराचे काळीज आपल्याला वाटते त्यापेक्षा खाली आणि पुढे, पुढच्या पायांच्या जवळ असते. पाठीच्या केसाळ कण्याकडे नेम धरणारे बहुतेक जण वरून मारतात. म्हणून डुकरासाठी नळीत बसणारी आणि वर्तुळात येणारी सगळ्यात जड गोल गोळी निवडावी, आणि जनावर आडवे उभे असतानाच चाप ओढावा.

रोह्याचा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. त्याच्यासाठी ठासणीची गुळगुळीत नळी मला अपुरीच वाटते. परवानगी असली तरी २५-३० मीटरपलीकडे नको. बार काढून हाकलण्याने काम होत असेल तर तेच करा.

छर्ऱ्यांचा बार डुकरावर टाकू नका. एकेक छर्रा हलका असतो, खांद्याच्या थरात अडकतो, आणि जखमी डुक्कर पऱ्हाटीत दबा धरून बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी वेचणीला बाया जातात. त्याच्या समोर पहिल्यांदा त्याच येतात.

गोळीच्या मागे काय आहे, हा निवडीचाच भाग आहे. आपले वावर सपाट. चुकलेली गोळी काही शे मीटर, कधी त्याहूनही लांब जाते, आणि उन्हाने तडकलेल्या जमिनीवर किंवा दगडावर आपटून उसळतेही. शेजारच्या धुऱ्यापलीकडे दुसरा कुणी जागलीला बसलेला असतो, बॅटरी विझवून. मचाणावरून खाली मारलेली गोळी मातीत जाते, जमिनीवर बसून मारलेली पुढच्या वावरात. कोणकोण जागलीला आहे ते संध्याकाळीच एकमेकांना फोन करून सांगा.

## भरताना होणाऱ्या चुका

गोळी दारूवर पूर्ण न टेकणे. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली की नळी तिथे फुगते किंवा फुटते. मोठी गोळी घट्ट जाते म्हणून अर्ध्यात सोडून देणारे बरेच आहेत. रिकाम्या नळीच्या खाचेसारखीच भरलेल्या नळीचीही खाच गजावर करून ठेवा. प्रत्येक वेळी गज तेवढाच आत जायला हवा. जास्त बाहेर राहिला तर दोनदा भरले आहे किंवा गोळी अडली आहे.

धूररहित दारू. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या बंदुकीत घालणे म्हणजे हातात बॉम्ब धरणे. चिमूटभरही नको. घरी बनवलेली दारूही नको. दारू आणि टोप्या परवान्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, परवाना असलेल्या दुकानातून घ्या आणि पावती ठेवा.

गरम नळीत डब्यातून थेट दारू ओतणे. आत ठिणगी राहिलेली असेल तर आग नळीतून डब्यापर्यंत चढते. एका बाराची दारू वेगळ्या मापात काढून मगच ओतायची, आणि त्याआधी नळी ओल्या फडक्याने पुसायची.

टोपी फुटली, बार निघाला नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट तसेच थांबा. बंदूक खाली करून तोंडात बघणाऱ्याचे काय झाले, ते प्रत्येक तालुक्यात कुणीतरी सांगेल.

गज नळीत विसरणे. अंधारात, घाईत हे घडते. गज नळीतून निघून नळीखालच्या आपल्या जागेवर गेला की नाही ते हाताने चाचपूनच टोपी बसवा. टोपी नेहमी सगळ्यात शेवटी.

## गोळी लागल्यावर आणि नंतर

जनावर पडले तरी लगेच जवळ जाऊ नका. पळाले असेल तर तुरीत, पऱ्हाटीत मागे शिरायचे नाही, दिवसाही नाही. रक्त कुठे पडले ती जागा लक्षात ठेवा आणि वनरक्षकाला फोन करा. पडलेले जनावर हलवायचे नाही. पंचनामा झाल्यावर वनविभाग त्याची विल्हेवाट लावतो. जखमी जनावराची बातमी लपवली तर परवानगी तर जातेच, पण ते गावात शिरले तर जबाबदारीही अंगावर येते. "बंदुकीपेक्षा कुंपणात करंट सोडणे सोपे" म्हणणारे भेटतील, सुतळीत गुंडाळलेला गावठी बॉम्ब देणारेही भेटतील. दोन्ही गुन्हे आहेत, आणि तारेला वाघ चिकटतो तसा शेजाऱ्याचा पोरगाही चिकटतो.

घरी आल्यावर त्याच रात्री नळी धुवा. काळ्या दारूची राख ओलावा ओढते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत चोवीस तासांत गंज धरते. गरम साबणाचे पाणी, फडके, मग कोरडे फडके, आणि सगळ्यात शेवटी तेलाचा हलका हात. टोपी बसते ती जागाही काढून साफ करा. गंजाने नळीत खड्डे पडले की तुमचे टप्पा ३ चे माप बदलते, म्हणून दर हंगामाआधी व्यास पुन्हा मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा.

वहीत आणखी एक रकाना ठेवा: किती टोप्या घेतल्या, किती वापरल्या, किती उरल्या. परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करताना हवालदाराने विचारले, तर तोंडी हिशेब देत बसावे लागत नाही.